अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी

मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे, त्यावर अबिराटेरॉनच्या गोळ्या आणि हार्मोन दाबणारं इंजेक्शन चालू आहे. या कर्करोगाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, म्हणजे पीएसए, लागोपाठ तिसऱ्यांदा चढलं. स्कॅन जवळपास होता तसाच, दुखणं-खुपणं काही नाही. डॉक्टर म्हणाले, "अबिराटेरॉन आणि इंजेक्शन तेच ठेवू, सोबतचं स्टेरॉइड बदलून बघू." प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेत होतो, त्याजागी डेक्सामेथासोन ०.५ मिलिग्रॅम, सकाळी एकदाच. एक गोळी कमी झाली म्हणून मी खूश.

त्या गोळीचं काम काय ते मात्र तेव्हाच कळलं. अबिराटेरॉनमुळे या कर्करोगाला पोसणाऱ्या टेस्टोस्टेरॉनबरोबर कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइडही घटतं. मग मेंदू ते बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या मागे लागतो. त्यातून बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. स्टेरॉइड याला लगाम घालतं. म्हणून बदल करताना एकही दिवस कोरडा जाऊ देऊ नका. जुनी शेवटची कधी, नवी पहिली कधी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. मला रात्री जुनी, दुसऱ्या सकाळी नवी असं सांगितलं होतं. तुमचं वेगळं असू शकेल.

आता ०.५ मधल्या त्या टिंबाबद्दल. चिठ्ठीची घडी नेमकी ०.५ वरून गेली होती. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काका, पाच ना?" डेक्सामेथासोन प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी जोरकस, त्याचा अर्धा मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण सव्वातीन. शिवाय याची ४ मिलिग्रॅमचीही गोळी मिळते. तेव्हा चिठ्ठीवर "अर्धा मिलिग्रॅम" असं अक्षरात लिहायला सांगा आणि घरी आल्यावर पट्टीवरचा आकडा चष्मा लावून वाचा.

चूक माझ्याकडूनही झालीच. आठवड्याचा गोळ्यांचा डबा आधीच भरलेला होता. संध्याकाळच्या कप्प्यांतली प्रेडनिसोलोन काढायची राहिली आणि दोन दिवस दोन्ही पोटात गेल्या. बायकोने मोजल्या म्हणून लक्षात आलं. डॉक्टरांना लगेच फोन केला, ओशाळून का होईना. आधी डबा रिकामा करा, मग नवी पट्टी फोडा.

माझी सकाळ अशी: साडेपाचला उपाशीपोटी अबिराटेरॉन, निदान तासभर काही खायचं नाही, मग नाश्ता आणि त्यावर डेक्सामेथासोन. संध्याकाळी घेतली तर झोपेचं खोबरं.

बदलाआधी बीपी, पोटॅशियम, साखर, वजन, पीएसए वहीत मांडून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? स्पेनमधल्या एका छोट्या अभ्यासात असा बदल केलेल्या २६ जणांपैकी १२ जणांचं पीएसए सहा आठवड्यांत निदान ३० टक्के उतरलं. म्हणजे निम्म्याहून अधिकांचं तेवढं उतरलं नाही. माझं ११.४ वरून ७.९ वर आलं. साखर मात्र चढली, तिची गोळी वाढली.

उलट्या होऊन स्टेरॉइड पोटात टिकत नसेल, किंवा चक्कर आणि गळाठा आला, तर सकाळची वाट बघत बसू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा आणि स्टेरॉइड चालू असल्याचं दारातच सांगा.