तक्ता राहू दे, आधी वाजवून बघा

लहान मुलांना सिंफनी ऑर्केस्ट्रातली वाद्यं दाखवायची म्हटलं की मोठी माणसं आधी चित्रांचा तक्ता काढतात. ही तंतुवाद्यं, ही लाकडी, ही पितळी, ही तालवाद्यं. मी ४ ते ७ वर्षांच्या मुलांना संगीत शिकवते आणि तक्त्याला हात लावत नाही. गट मुलांना चटकन पाठ होतात, पण डोळे मिटून ओबो कुठला आणि क्लॅरिनेट कुठलं (दोन्ही फुंकून वाजवायची लाकडी वाद्यं) हे ओळखता येत नाही. शिवाय चांदीसारखी चकाकणारी फ्लूट लाकडी वाद्यांत का बसते, हे पाच वर्षांच्या पोराला कसं पटवणार? (पूर्वी ती लाकडाची असायची, म्हणून. असो.)

सुरुवात करा आवाज निघतो कसा, इथून. रिकाम्या खोक्यावर रबरबँड ताणून छेडायला द्या. मधेच बोटानं दाबला की सूर चढतो. हे सांगू नका, सापडू द्या. व्हायोलिनवर डावा हात नेमकं हेच करत असतो.

मग स्ट्रॉ. एक टोक दाबून चपटं करा, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करा, ओठांत धरून जोरात फुंका. आधी नुसतीच हवा जाते. ओठांनी जरा दाबलं की एकदम भोंगा वाजतो. ओबो आणि बासून (खर्जातलं लांब लाकडी वाद्य) असेच वाजतात, दोन पातळ पत्त्या एकमेकींवर थरथरून. मूल फुंकत असतानाच तुम्ही स्ट्रॉचं दुसरं टोक कात्रीनं थोडं थोडं कापत जा. आवाज चढत जातो आणि वर्ग हसून लोळतो. स्ट्रॉ मात्र ज्याची त्याला.

पितळी वाद्यांसाठी ओठ मिटून फुर्रर्र करायला शिकवा. तसंच फुर्रर्र बागेच्या पाइपच्या तुकड्यात केलं, की दुसऱ्या टोकाला खोचलेल्या नरसाळ्यातून चक्क हॉर्न वाजतो. फ्रेंच हॉर्नची नळी उलगडली तर साडेतीन मीटरहून लांब भरते. तेवढी दोरी जमिनीवर पसरा, मुलांना तिच्यावरून चालू द्या, मग गुंडाळायला सांगा. हॉर्न इतका वळणावळणाचा का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

इतकं झालं की ऐकायला बसा, आणि शक्यतो व्हिडिओशिवाय. पडदा दिसला की मुलं ऐकणं सोडून बघत बसतात. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची ‘पीटर अँड द वुल्फ’ ही १९३६ सालची संगीतकथा यासाठीच रचलेली आहे: पक्षी म्हणजे फ्लूट, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बासून, लांडगा तीन फ्रेंच हॉर्न. पण सगळी गोष्ट एका बैठकीत लावू नका, अर्ध्या तासाच्या आसपास चालते. एकेका प्राण्याची धून लावा आणि त्या चालीनं खोलीभर फिरायला सांगा. बासून वाजलं की मुलं न सांगता पोट पुढे काढून चालतात. फ्रेंच संगीतकार सॅं-साँच्या १८८६ मधल्या ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’मधला हत्ती डबल बासवर वाजतो आणि हंस चेलोवर (दोन्ही व्हायोलिनची मोठी भावंडं), दोन्ही लागोपाठ ऐकवा. व्हायोलिनला मी मुद्दाम मागे ठेवते. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पोरांना भुरळ पडते ती खर्जातल्या अवजड वाद्यांची.

फ्रेंच संगीतकार रॅव्हेलचं ‘बोलेरो’ थोड्या मोठ्यांसाठी. सुमारे १५ मिनिटं स्नेअर ड्रमचा (काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ढोलाचा) एकच ताल मांडीवर धरायचा आणि धून दुसऱ्या वाद्याकडे गेली की हात वर. नाव नाही आलं तरी चालेल, बदल कळला पाहिजे.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला नेणार असाल तर लवकर पोचा. सूर जुळवताना ओबो ‘ए’ हा एक सूर धरतो आणि बाकीचे त्याला येऊन मिळतात. कित्येक मुलांना पुढच्या कार्यक्रमापेक्षा हेच जास्त आवडतं. जागा जरा वरची घ्या, म्हणजे मागचे टिंपनी (मोठे नगारे) दिसतात. हार्प असेल तर तिच्या ४७ तारांबरोबर वाजवणाऱ्याचे पायही दाखवा, खाली सात पेडल असतात. सगळ्यांत कामाची युक्ती म्हणजे प्रत्येक मुलाला लक्ष ठेवायला एकच वादक नेमून देणं. झांजवाला उत्तम. तो बराच वेळ नुसता बसून असतो, आणि तो उठला की मुलं खुर्चीच्या कडेला येतात. मध्यंतरानंतर कंटाळली तर घरी जा.