ट्रेकचं हलकं सामान जमवताय? मग या चुका टाळा

हलकं सामान म्हटलं की आधी महाग सामान डोळ्यापुढे येतं. किलोभराचा तंबू, पिसांची स्लीपिंग बॅग, परदेशी सॅक. किमती बघून माणूस हबकतो आणि मग एखाद्या सेलमध्ये सगळ्यात स्वस्त ते सगळं एकदम उचलतो. सातारा-सांगलीकडच्या डोंगरात फिरणाऱ्याला त्यातलं निम्मं लागत नाही. जे लागतं, ते दोन-तीन हंगामांत सावकाश जमवता येतं. पैसे जातात ते महाग वस्तूंपायी कमी आणि खरेदीचा क्रम चुकल्यामुळे जास्त, कारण मग तीच वस्तू दोनदा घ्यावी लागते.

वजन न करता दुकान गाठणं

आधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि मागच्या ट्रेकला नेलेली एकेक वस्तू त्यावर ठेवा. खाणं, पाणी आणि इंधन सोडून उरलेल्या सामानाच्या वजनाला ट्रेकर मंडळी 'बेस वेट' म्हणतात. हा आकडा कागदावर आला की फुकटात किती कमी होतं ते दिसतं. जीन्सची जादा पँट भरते अर्ध्या किलोहून जास्त, ओली झाली तर विचारूच नका. अंघोळीच्या जाड टॉवेलऐवजी पंचा घ्या, तो हलका असतो आणि दगडावर टाकला की वाळतो. स्टीलच्या बाटलीच्या जागी पाण्याच्या दोन साध्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतात. रिकामी एक लिटरची बाटली तीसेक ग्रॅमची. यातली एकही गोष्ट विकत घ्यावी लागत नाही.

टूथब्रशचा दांडा कापून दहा ग्रॅम वाचवणारे वीर मात्र याच काट्यावर आपली तीन चार्जर, दोन पॉवर बँका आणि डिओडरंट ठेवायला विसरतात.

पहिली खरेदी तंबूची

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. दोन माणसांचा स्वस्त तंबू अडीच-तीन किलोचा असतो. तो नेणार कुठे? वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीहून लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, गड बघायचा आणि त्याच दिवशी परत फिरायचं, कारण मुक्कामाला परवानगी नाही. अजिंक्यतारा, यवतेश्वर, कल्याणगड, चंदन-वंदन हे सगळे एका दिवसात होतात. सज्जनगडावर राहायची सोय आहे, मकरंदगडावर मल्लिकार्जुनाचं मंदिर आहे, कमळगडाच्या वाटेवर गोरखनाथाचं. पायथ्याच्या गावात विचारलं तर देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायला सहसा नाही म्हणत नाहीत. तंबू मग वर्षभर माळ्यावर पडून राहतो. अगदी लागलाच तर एका शनिवार-रविवारपुरता भाड्याने आणा. त्या दोन रात्रींत कळेल की तुम्हाला एकट्याचा हवा की दोघांचा.

उघड्यावर झोपायची हौस असेल तर शेती साहित्याच्या दुकानात जा आणि ताडपत्री मागा. जाड कॅनव्हासची नको, शेतकरी पावसात मालावर झाकायला घेतात ती पातळ प्लास्टिकची. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर दिसते त्या जातीची. ती जीएसएमवर विकली जाते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. त्यामुळे हिशेब दुकानातच करता येतो: अडीच बाय तीन मीटर म्हणजे साडेसात चौरस मीटर, आणि ७० जीएसएमची घेतली तर सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. दुकानदार "जाड घ्या, टिकंल" म्हणून १२० ची पुढे करील. ती त्याच मापात ९०० ग्रॅम भरते, शिवाय घडीही मोठी होते. कोपऱ्यांना आणि कडेला धातूच्या रिंगा आहेत ना, तेवढं बघून घ्या. दोन झाडांमध्ये दोरी ताणली की खाली दोघे आरामात मावतात.

अर्थात ही सोय हिवाळ्यातली आणि आडोशाची. पावसाळ्यात कासच्या बाजूला उघड्या सड्यावर ताडपत्री ताणणं म्हणजे रात्रभर तिची टोकं धरून बसणं. जळवा, विंचू यांनाही ती अडवत नाही.

थंडी वाजली म्हणून जाड स्लीपिंग बॅग घेणं

रात्री कुडकुडलो की दोष बॅगेवर जातो. पण बरेचदा थंडी खालून येते. अंगाखाली दबलेला बॅगेचा भाग चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते आणि गार कातळ सरळ पाठीला भिडतो. आधी फोमची मॅट घ्या. ती चारशे-साडेचारशे रुपयांची असो की त्याहून महागाची, फुगवायची नको. करवंदीच्या एका काट्याने फुगवायच्या मॅटचा खेळ संपतो. वजन आणखी कमी करायचं असेल तर फोम खांद्यापासून मांडीपर्यंतचाच कापा आणि पायाखाली रिकामी सॅक घाला.

मग बॅग. तिच्यावर दोन-तीन तापमानं छापलेली असतात आणि फसगत तिथेच होते. बघायचा तो 'कम्फर्ट'चा आकडा. 'एक्स्ट्रीम'चा आकडा म्हणजे जीव वाचेल, झोप लागेल असं नाही. स्वस्त बॅगांच्या पाकिटावर नेमका तोच मोठ्या अक्षरांत असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत कधीकधी दव गोठतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत उंचावर राहायचं असेल तर पाच अंश कम्फर्टची बॅग पुरते. बाकीच्या महिन्यांत पंधरा अंशांची पातळ बॅग आणि सोबत स्वेटर, कानटोपी. पिसांची बॅग इकडच्या दमट हवेत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. भिजली की पिसं गोळा होतात, ऊब जाते आणि ती वाळवायला वेळ लागतो. घोंगडी घरी असेल तर उत्तमच, पण ती गाडीने पायथ्याशी जायचं असेल तेव्हा न्या, पाठीवरून नको.

रेनकोटवर पैसे घालून सॅकला विसरणं

जुलैत ठोसेघर, कास, कोयनेच्या बाजूला चढताना माणूस बाहेरून पावसाने नाही तर आतून घामाने भिजणारच. दहा हजारांचं जॅकेटही दमट चढावर हे थांबवत नाही. अंगातला कपडा सुती नसला म्हणजे झालं. खेळाच्या दुकानातला साधा पॉलिस्टर टी-शर्ट अंगावरच वाळतो. कोरडा राहायला हवा तो सॅकमधला एक जोड आणि स्लीपिंग बॅग.

वरून घालायचं रेन कव्हर पाठीच्या बाजूने येणारं पाणी अडवत नाही. पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी थेट आत जातं. उपाय पंचवीस-तीस रुपयांत होतो: एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला, सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक वापरणारेही आहेत. चालतं, पण स्वच्छ धुऊन, आणि खाण्याचा डबा वेगळा ठेवून.

सॅक आधी घेणं

साठ-सत्तर लिटरची सॅक आधी घेतली की ती भरायला सामान आपोआप सापडतं. शिवाय रिकामीच दोन किलोच्या आसपास असते. सॅक सगळ्यात शेवटी घ्या. तोवर कॉलेजची बॅग किंवा मित्राची सॅक चालवा. बाकी सामान जमलं की ते एखाद्या खोक्यात नीट रचा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. लांबी, रुंदी, उंची गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात. ३० बाय २५ बाय ५० भरलं तर साडेसदतीस लिटर, म्हणजे खाण्यापाण्यासह पंचेचाळीसची सॅक पुरे.

खांदे दुखत असतील तर सॅक बदलण्याआधी पट्टे बघा. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बांधायचा, पोटावर नाही, आणि खांद्याचे पट्टे नंतर ओढायचे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि सगळा भार खांद्यांवर येतो. जड वस्तू पाठीला लागून, मधोमध ठेवा.

जिथे कंजुषी नको

बूट आणि पाणी. घसाऱ्यावर आणि ओल्या कातळावर तळाची पकड महत्त्वाची, बुटाचं नाव नाही. जड चामडी बूट इकडे लागत नाहीत. पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेला 'नवा' बूट धोक्याचा: तळातला फोम हवेतल्या ओलाव्याने भुगभुगीत होतो आणि भर उतारावर तळ सुटतो. निघायच्या आदल्या दिवशी हाताने वाकवून बघा, सॅकमध्ये थोडी नायलॉनची दोरी असू द्या. पाण्याचं तर, एक लिटर म्हणजे एक किलो हा हिशेब खरा असला तरी माण-खटावकडे एप्रिलमध्ये वर्धनगड, महिमानगड चढताना वजनाच्या नादाने लिटरभरच पाणी नेणं हा शुद्ध वेडेपणा. तीन लिटर घ्या. टॉर्च आणि तिचे जादा सेलही कमी करू नका.

स्टोव्ह पहिल्या वर्षी घेऊच नका. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या दोन दिवस सहज टिकतात, आणि गॅसचा डबा एसटीत किंवा रेल्वेत नेता येत नाही ही अडचण वेगळीच.

घरी आल्यावर

तंबू असो वा ताडपत्री, ओली घडी घालून ठेवू नका. तंबूच्या कापडावरचा लेप ओलाव्याने चिकट होतो, मग सोलतो, आणि त्यावर इलाज नाही. स्लीपिंग बॅग तिच्या लहान पिशवीत कोंबून ठेवली तर फुगणं विसरते; जुन्या उशीच्या खोळीत सैल ठेवा. चेन सरकते पण मागे दात उघडेच राहतात, असं झालं तर बॅग टाकून देऊ नका. बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवरचा सरकणारा भाग, सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा. तरी जमलं नाही तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तो थोडक्या पैशांत रनर बदलून देतो.