इंजिन मोठं केलंत, आता मागच्या अ‍ॅक्सलकडे बघा

ओंकारेश्वरहून इंदूरला परतत होतो. भेरू घाटाच्या चढावर आमची अ‍ॅम्बेसेडर एकाएकी थांबली. इंजिन गुरगुरतंय, गियर पडतोय, पण गाडी जागची हलेना. एका बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकाला फिरवणारा दांडा, तुटला होता. साध्या डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गियरांच्या पेटीत) एक शाफ्ट गेला की सगळा जोर त्या मोकळ्या बाजूनेच वाया जातो, धड असलेल्या चाकाला काहीच मिळत नाही. वर्षभरापूर्वी जुनं १४८९ सीसीचं इंजिन उतरवून १८०० सीसीचं इसुझु बसवलं होतं. गाडी टोचन करून आणली तेव्हा मिस्त्रीने एवढंच विचारलं, "भिया, इंजन तो बदल दिया, पीछे का हिसाब किसने किया?"

तो हिसाब असा. समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०० न्यूटन-मीटर, पहिला गियर ३.८ आणि मागचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा, ४.५५. या तिन्हींचा गुणाकार साधारण १७३०, आणि तो दोन शाफ्टांत निम्मा-निम्मा वाटला जातो. इंजिनाचा टॉर्क तीस टक्के वाढला की शाफ्टवरचा पीळही तेवढाच वाढतो. रेशोचा आकडा मात्र खाली आणला तर तो पीळ कमी होतो. म्हणून सुरुवात जाड शाफ्ट शोधण्यापासून करू नका, रेशोपासून करा.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते मोजा. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि त्या बाजूला घोडी (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. प्रॉपेलर शाफ्टवर (गियरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्यावर) आणि टायरवर खडूने खुणा करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवा, दुसऱ्याला शाफ्टचे फेरे मोजायला बसवा, आणि आलेल्या आकड्याला १० ने भागा. २० ने नाही, कारण दुसरं चाक जमिनीवर रोवलेलं असल्यामुळे क्राउन, म्हणजे अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक, निम्मेच फेरे घेतो. साडेपंचेचाळीस फेरे भरले तर रेशो ४.५५, म्हणजे ९ दातांचा पिनियन (क्राउनला फिरवणारं छोटं चाक) आणि ४१ दातांचा क्राउन.

आता कोणता रेशो घ्यायचा? टायरचा घेर दोन मीटर धरा. टॉप गियरमध्ये इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना ४.५५ ला गाडी ताशी ७९ किलोमीटर धावते, ११-४३ च्या जोडीला, म्हणजे ३.९१ ला, ९२. हायवेवर इंजिनाचा आरडाओरडा थांबतो तो इथे. पण इंजिन मूळचंच असेल तर या वाटेला जाऊ नका. घाटात दर वळणाला गियर खाली घ्यावा लागेल आणि क्लच जळेल.

भंगारातून क्राउन-पिनियन घेताना जोडीवरचे नंबर जुळतात का बघा. कारखान्यात दोघं एकमेकांवर घासून बसवलेले असतात, एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधी गप्प बसत नाहीत. बसवताना शिम (पातळ चकत्या) घालून दातांमधली ढील डायल गेजने मोजायची. पुष्कळदा तिचा आकडा क्राउनवरच कोरलेला असतो. मग दातांना निळा रंग लावून फिरवा. रंगाचा ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. कडेला किंवा टोकाला उमटला तर पुन्हा उघडा, मिस्त्री कितीही म्हणो "चल जाएगा". हे काम अनुभवी हाताकडूनच करून घ्या, पण ठसा स्वतः बघा.

शाफ्ट बाहेर आलेच आहेत तर स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या खाचांवर, पट्टी धरा. रेघा सरळ हव्यात. आमच्या न तुटलेल्या शाफ्टच्या रेघा स्क्रूसारख्या जराशा कलल्या होत्या. तोही पिळला होता, फक्त तुटायचा राहिला होता. अशी वस्तू वरून कितीही चकचकीत असली तरी ठेवू नका. सरळ असेल तर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून तडे तपासा.

अ‍ॅक्सलमधलं तेल हायपॉइड गियरचंच (अशा क्राउन-पिनियनसाठीचं), मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं. तेच तेल गियरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळा. जीएल-५ या हायपॉइडच्या तेलातली रसायनं गियर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरचा छोटा ब्रीदर (हवेचं भोक) मोकळा करा. तो तुंबला की तेल सीलमधून ब्रेकच्या लायनिंगवर येतं.

क्लच जोरात सोडल्यावर मागून धडधड येत असेल तर अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर पिळतोय. आधी पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट बघा. यू-बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांमधले क्रॉसही याच वेळी बदलून टाका. ब्रेक नव्या वेगाला पुरतात का, हेही बघून घ्या.

कागदांचं काम मात्र पाना हातात घेण्याआधी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे इंजिनासारखे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाहीत. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी आहे तशीच राहू द्या.

सगळं जमल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस किलोमीटर हळू चालवा, थांबा, हाउसिंगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. स्पीडोमीटर गियरबॉक्सवरून चालत असल्यामुळे त्याला मागे काय बदललं याचा पत्ताच नसतो. आमचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ७० वर असते. काचेवर ६० च्या आकड्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.