प्रकृतीची क्विझ राहू द्या, आधी भुकेकडे बघा

आयुर्वेद करायचा म्हटलं की आपण पहिलं काय करतो तर मोबाईलवर एक क्विझ सोडवतो, केस कोरडे का, राग लवकर येतो का वगैरे, आणि मग वर्षभर "माझी पित्त प्रकृती आहे ना" म्हणत फिरतो. मीपण फिरलेय. गडबड अशी की प्रकृती म्हणजे वात, पित्त, कफ या शरीरातल्या तीन दोषांची जन्मापासूनची ठेवण, आणि आत्ता जे बिघडलंय ती विकृती, आणि क्विझमध्ये दोन्हीची खिचडी होते. झोप कशी लागते विचारलं की आपण गेल्या आठवड्याचं उत्तर देतो, त्या आठवड्यात ऑफिसचं टेन्शन असेल तर झालात तुम्ही वाताचे!

त्यात आपल्या मराठीत सगळंच पित्त. छातीत जळजळलं पित्त, डोकं चढलं पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. त्या गांधींना आयुर्वेदात शीतपित्त म्हणतात आणि त्यात सुरुवात होते गार वाऱ्याने बिघडलेल्या कफ-वातापासून, पित्त त्यांना नंतर जाऊन मिळतं. म्हणून नावावर जाऊ नका, गुण बघा.

गुण म्हणजे काय तर वात हा कोरडा, हलका, गार आणि सतत हलणारा. पित्त गरम, तीक्ष्ण, पातळ. कफ जड, गार, स्निग्ध, संथ. आणि चरक या आयुर्वेदाच्या जुन्या आचार्याचा साधा नियम असा की सारख्याने सारखं वाढतं, उलट्याने कमी होतं. बस, निम्मा आयुर्वेद इथेच आहे. रात्रीचं जागरण कोरडेपणा वाढवतं आणि दिवसाची झोप स्निग्धपणा वाढवते असं चरकसंहितेत सरळ लिहिलंय, म्हणजे रोज दोन वाजेपर्यंत जागून वर कोरडं, गार, अवेळी खायचं आणि मग पोट साफ होत नाही, सांधे कटकट वाजतात म्हणायचं, तर वाताला वातच खाऊ घातला ना आपण. अशा वेळी गरम, ताजं, थोडं तूप घातलेलं खाणं आणि ठरलेल्या वेळी झोपणं. उलट ज्याला सकाळी उठल्यापासून जड वाटतंय, भूकच नाही, त्याने तेच तूप ओतलं तर अजून जड होणार. "तूप चांगलं की वाईट" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

आता करायचं काय. एक वही घ्या, पंधरा दिवस फक्त भूक लिहा, बाकी काही बदलू नका. भूक कधी लागली, किती लागली, आणि जेवल्यावर त्रास झाला तर नेमका कधी झाला. हा "कधी" फार कामाचा आहे, कारण जेवल्या जेवल्या कफाचा जोर असतो, पचन चालू असताना पित्ताचा आणि पचत आल्यावर वाताचा. जेवून उठताच सुस्ती आणि जडपणा ही एक गोष्ट, मध्येच जळजळ ही दुसरी, आणि पुढच्या जेवणाच्या आधी पोट फुगणं ही तिसरी. तिघांना एकच चूर्ण कसं चालेल?

भुकेवरून अग्नी, म्हणजे पचनाची ताकदही कळते. आज कडकडून भूक, उद्या काहीच नाही, तर विषम अग्नी, हा वाताचा. खाल्लं की पुन्हा लगेच भूक आणि जेवायला उशीर झाला की चिडचिड, तर तीक्ष्ण, पित्ताचा. थोडंसं खाल्लं तरी दिवसभर तसंच पोटात बसलंय वाटतं तो मंद, कफाचा. वेळेवर भूक आणि वेळेवर पचन म्हणजे सम अग्नी, आणि तसा असेल तर उगाच काही करू नका प्लीज.

आधीचं पचलं की नाही हे घड्याळ नाही सांगत. ढेकर स्वच्छ येतोय, म्हणजे खाल्लेल्याचा वास नाही, अंग हलकं आहे, पोट साफ झालंय, खरी भूक-तहान लागलीय, तर जेवा. आणि किती जेवायचं तर वाग्भट या दुसऱ्या जुन्या आचार्याने पोटाचे चार भाग सांगितलेत, दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक रिकामा. तो रिकामा भागच आपण गोड खाऊन भरतो.

अजून एक, शरीराचे वेग, म्हणजे आपोआप येणाऱ्या गरजा, दाबायचे नाहीत. चरकाने असे 13 सांगितलेत, त्यात लघवी-शौच तर आहेतच पण जांभई, शिंक, अश्रू, झोपसुद्धा. मीटिंगमध्ये तासभर लघवी दाबणाऱ्यांनी हे वाचा.

पंधरा दिवसांनी वही बघून एकच सवय निवडा. आणि ती एकदम तोडू नका, इथे लोक फसतात, सोमवारी चहा बंद, बुधवारी डोकं धरून बसलेत. सवयीचं वाईटसुद्धा एकदम सोडलं की त्रास देतं, म्हणून चौथा हिस्सा कमी करायचा, शरीराला रुळू द्यायचं, मग पुढचा चौथा हिस्सा, आणि मधलं अंतर वाढवत न्यायचं. चार कप असतील तर तीन, मग दोन, आणि त्या जागी काय घेणार तेही आधी ठरवा.

हे सगळं दिनचर्येपुरतं हं. वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, ताप हटत नाहीये तर वही ठेवा आणि डॉक्टरकडे जा. शुगर-बीपीची चालू गोळी मनाने बंद करायची नाही, आणि भस्मं तर ऑनलाइन मागवून अजिबात घेऊ नका, काहींमध्ये पारा किंवा शिसं असतं. वैद्यांकडे जाणार असाल तर तीच वही घेऊन जा, "मला पित्ताचा त्रास आहे" एवढं सांगण्यापेक्षा "जेवणानंतर दोन तासांनी जळजळतं, जागरण झालं की जास्त" हे सांगितलं तर त्यांचा अर्धा वेळ वाचतो.