रॅटमध्ये पीसीओएस मॉडेल : औषधाआधी स्मिअर शिका

प्राणी नीती समितीची मंजुरी हातात आली की नव्या विद्यार्थ्याला थेट लेट्रोझोल (रॅटमध्ये पीसीओएस, म्हणजे अंडाशयातून बीज नीट बाहेर न पडण्याचा विकार, निर्माण करायला वापरतात ते औषध) सुरू करायची घाई होते. आमचं आग्रहाचं सांगणं, आधीचे दोन-तीन आठवडे फक्त योनिमार्गाचा स्मिअर (तिथल्या पेशींचा स्लाइडवरचा नमुना) वाचण्यात घालवा.

रॅटचं इस्ट्रस चक्र (मादीचं प्रजननचक्र) 4 ते 5 दिवसांचं असतं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पिपेटच्या टिपमध्ये 50 मायक्रोलिटरच्या आसपास सलाईन घ्या, दोन-तीनदा हलकेच आत-बाहेर करा आणि थेंब स्लाइडवर घ्या. केंद्रक असलेल्या गोल पेशी दिसल्या तर प्रोइस्ट्रस, केंद्रक नसलेल्या वेड्यावाकड्या चपट्या पेशी म्हणजे इस्ट्रस, सगळ्यांची सरमिसळ म्हणजे मेटेस्ट्रस आणि बहुतांश पांढऱ्या पेशी म्हणजे डायेस्ट्रस. टिप अगदी तोंडाशीच ठेवायची. ती खोल जाऊन गर्भाशयमुखाला लागली की मादी खोट्या गर्भारपणात जाते आणि साधारण दोन आठवडे स्मिअर डायेस्ट्रसवर अडकतो. लेट्रोझोलनेही चक्र डायेस्ट्रसवरच थांबतं. म्हणजे हात कच्चा असेल तर कंट्रोल गटही (लेट्रोझोल न दिलेल्या माद्या) ‘पीसीओएस’ दाखवू लागतो! म्हणून सलग दोन चक्रं नियमित असलेल्या माद्याच प्रयोगात घ्या. खोलीत 12 तास उजेड आणि 12 तास अंधार हवा. रात्रभर दिवा जळत राहिला तर चक्र बिघडतं.

नेहमीचा डोस म्हणजे किलोमागे 1 मिलिग्रॅम लेट्रोझोल, तोंडावाटे, 21 दिवस. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून 0.5 टक्के सीएमसीमध्ये (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या द्रावणात) घोटा. 200 ग्रॅमच्या रॅटला 0.2 मिलिग्रॅम लागतं. किलोमागे 5 मिलिलिटर द्यायचं ठरवलं तर तिला 1 मिलिलिटर जातं, म्हणून 1 मिलिलिटरमध्ये तेवढंच औषध हवं. प्रत्येक सिरिंज भरण्याआधी बाटली हलवा, नाहीतर गाळ तळाशी बसतो आणि शेवटच्या पिंजऱ्याला भलताच डोस जातो. कंट्रोलला नुसतं सीएमसी द्या, पण गव्हाज (तोंडातून नळीने थेट पोटात देणं) सोडू नका, कारण त्याचा ताणही चक्रावर परिणाम करतो.

अंडाशयाचे छेद पाहताना नुसते सिस्ट मोजून भागत नाही. कॉर्पस ल्युटियम (बीज बाहेर पडल्यावर त्या जागी तयार होणारी पिवळी गाठ) कमी झालं का, हे पाहा. बीज बाहेर पडणं थांबल्याचा तो खरा पुरावा. मात्र जुनी कॉर्पोरा ल्युटिया काही चक्रं टिकून राहतात, त्यामुळे आठवड्याभरात अंडाशय काढलं तर फसगत होते. फॉलिकल (बीजपेशी असलेली पिशवी) मोजताना बीजपेशीचं केंद्रक दिसेल तेच धरा, नाहीतर एकच फॉलिकल चार छेदांत चारदा मोजलं जातं.

पीसीओएस असलेल्या बाईला बीज बाहेर पडावं म्हणून डॉक्टर हेच औषध देतात, त्यामुळे नवखे गोंधळतात. तिथे ते पाळीच्या सुरुवातीला 5 दिवसच असतं. इथे तीन आठवडे अरोमाटेज (टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं विकर) बंद राहतं, टेस्टोस्टेरॉन साचतं आणि इस्ट्रोजेन घटतं. बायकांच्या पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन सहसा असं खाली जात नाही. ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा.

शेवटच्या दिवशी अवयव आणि रक्त काढताना कंट्रोल माद्याही डायेस्ट्रसमध्येच घ्या. प्रोइस्ट्रसमध्ये गर्भाशय पाण्याने फुगतं, त्याचं वजन वाढतं आणि एलएचही (बीज बाहेर पाडणारं संप्रेरक) उसळतो. मग दोन गटांतला फरक औषधाचा की टप्प्याचा, हे सांगता येत नाही.