मंडळीचा गरीब फंड कसा चालवावा

खानापूर, निपाणी, हुक्केरीकडच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांतून मला अधूनमधून फोन येतात. तुमच्या चर्चचा गरीब फंड कसा चालतो, आम्हालाही सुरू करायचा आहे, पहिलं पाऊल कुठलं? बेळगावातल्या एका मराठी मंडळीच्या सेवा समितीचं खजिनदारपद माझ्याकडं आहे. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

पैशाच्या आधी माणसं ठरवा. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय समितीच्या पहिल्या बैठकीत मोठ्यानं वाचा. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम निवडलेल्या सात जणांकडं सोपवलं. त्या सातांची नावं बघा. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन, सगळी ग्रीक. ज्यांना डावललं जात होतं, त्यांच्यातली माणसं वाटपावर बसली. आपल्या सीमाभागाला याहून जवळचा अध्याय मला दुसरा दिसत नाही. आमची उपासना मराठीत होते, पण चर्चच्या मागच्या गल्लीत कन्नड घरं आहेत, उर्दू बोलणारी आहेत, कोकणी बोलणारी कॅथलिक कुटुंबं आहेत. समितीत सगळे मराठीच असले की यादीतही मराठीच घरं येतात. कुणाच्या मनात काळंबेरं नसतं, ज्याच्याशी बोलणं होतं त्याचंच दुखणं कानावर येतं, एवढंच. म्हणून आमच्या पाच जणांत घरी कन्नड बोलणारी एक अक्का आहे आणि उर्दू येणारे एक निवृत्त कंडक्टर आहेत. तुम्हीही अशी माणसं शोधा. मंडळीत नसतील तर शेजारच्या मंडळीतून बोलवा.

पाळकसाहेब आमच्या बैठकीला बसतात, प्रार्थना करतात, सल्ला देतात, पण चेकवर त्यांची सही नाही. आमच्याकडं पाळकांची बदली होते आणि बँकेत सही बदलेपर्यंत फंड अडकून पडतो. शिवाय दारात आलेल्या माणसाला एकट्या पाळकानं हो किंवा नाही म्हणावं, हे त्यांच्यावरही ओझं आहे. ‘समितीपुढं ठेवतो’ असं म्हणायची सोय त्यांना असू द्या.

आता पैसा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, रविवारचं अर्पण गरिबांसाठी बाजूला काढायची रीत मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत जुनी आहे. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीनं बेळगावात काम सुरू केलं, 1904 मध्ये ते मेथडिस्टांकडं आलं, आणि ही रीत आमच्या घराघरांत अजून टिकून आहे. दुसरी मोठी आवक सुगीनंतरच्या हंगामाच्या उपासनेतून होते. लोक भात, रताळी, भोपळे, गूळ, एखादी कोंबडी घेऊन येतात आणि उपासना संपली की आवारात लिलाव होतो. येळ्ळूरकडचा बासमती कुणी आणला तर बोली चढतच जाते. लिलावाआधीच जाहीर करा की यातली रक्कम कशाला जाणार. ‘यंदा डायलिसिसच्या रुग्णांच्या जाण्यायेण्याला’ असं स्पष्ट सांगितलं की माणसं हात सैल सोडतात, हे मी दरवर्षी बघते. नुसतं ‘गरिबांसाठी’ म्हटलं की बोली लवकर थांबते.

अर्पणाची मोजणी एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी करावी, चर्चमध्येच बसून, त्याच दिवशी. वहीत आकडा, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. गरीब फंडाचं खातं चर्चच्या खात्यापासून वेगळं हवंच. छप्पर गळायला लागलं की गरीब फंडातून ‘तात्पुरते’ घ्यायचा मोह प्रत्येक मंडळीला होतो आणि ते पैसे परत येत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल नीट वाचा. आपल्या बऱ्याच घरांतलं कुणीतरी आखातात किंवा इंग्लंडात आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो आपला सख्खा भाचा असला तरी कायद्यानं ती परदेशी देणगी ठरते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या मंडळीनं ती घेऊच नये. नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो पैसा पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. अशा भाच्याला सांगा, सुट्टीला येशील तेव्हा आमच्याबरोबर वाटपाला चल.

कुणाला मदत करायची हा खरा कठीण भाग. आम्ही तीन वाटा ठेवल्या आहेत: शेजारचं घर, एखादी संस्था आणि आपत्ती.

शेजारच्या घरासाठी धान्य द्यावं लागतं, औषध द्यावं लागतं. शक्यतो रोख देऊ नका. मेडिकलवाल्याचं बिल थेट भरा, शाळेची फी शाळेत भरा. पण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी मदत पैशाशिवाय होते आणि ती म्हणजे कागद. कर्नाटक सरकारकडून 65 च्या पुढच्या म्हाताऱ्यांना संध्या सुरक्षा हे वेतन म्हणजे पेन्शन आहे, विधवा वेतन आहे, रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये आहेत. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मराठी बायकांना हे पैसे मिळत नव्हते. कारणं साधी असतात. फॉर्म कन्नडमध्ये, आधारवर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं, कार्डावर प्रमुख म्हणून वारलेली सासू, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडतो. कन्नड लिहिता येणारी कॉलेजची दोन मुलं, एक स्टेपलर, झेरॉक्ससाठी थोडे सुटे पैसे. येणाऱ्यानं आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि असेल तर मृत्यू दाखला आणायचा. कुठला कागद कमी आहे ते चिठ्ठीवर दोन्ही भाषांत लिहून देतो आणि गरज असेल तर सोमवारी एक जण बरोबर नाडकचेरीत, म्हणजे सरकारच्या स्थानिक महसूल कचेरीत, जातो. तिथं बरोबर कुणी असणं फार मोलाचं आहे. एका आज्जींचं वेतन सुरू झालं तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांनी त्यातलेच पन्नास रुपये अर्पणाच्या थैलीत घातले. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, मुद्दाम आल्या होत्या.

दवाखान्याचंही तसंच. ऑपरेशनसाठी कुणी पैसे मागायला आलं की आधी बीपीएल कार्ड आहे का ते विचारा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तातडीचं नसेल तर बहुतेक वेळा आधी सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. लोक थेट खाजगीत जातात आणि दागिने मोडतात. फंडातले पैसे गाडीभाड्याला, नातेवाइकांच्या जेवणाला आणि योजनेत न बसणाऱ्या औषधांना राखा.

संस्थेला देणगी देण्याआधी तिथं स्वतः जाऊन या. नोंदणीचा कागद, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशोब आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं 80जीचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. चांगल्या संस्था आनंदानं दाखवतात. मुलांचं वसतिगृह किंवा बालगृह असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का हे विचाराच, आणि नसेल तर कितीही कळवळा आला तरी थांबा. मंडळीतल्या ज्यांना आयकरात सवलत हवी, त्यांनी नोंदणीकृत संस्थेला थेट द्यावं. 2000 रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. आणि काय हवं ते त्यांनाच विचारा. वृद्धाश्रमात ख्रिसमसला केक सगळेच नेतात. मोठ्यांचे डायपर, फिनेल आणि अंगाचा साबण ऑगस्टात कुणी नेत नाही. आम्ही ऑगस्टात जातो.

रक्तदान शिबिर उन्हाळ्यात घ्या, कारण कॉलेजं बंद असतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. 18 ते 65 वय, किमान 45 किलो वजन, मागच्या वेळेपासून पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने झालेले असावेत. बाकी रक्तपेढीवाले बघतात.

आपत्तीबद्दल 2019 च्या ऑगस्टनं जे शिकवलं ते कुणी विसरू नये. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा एकदमच पात्राबाहेर आल्या. इकडं बळ्ळारी नाल्याच्या पाण्यानं वडगाव, शहापूर, येळ्ळूरची शेतं भरली. गाड्या भरभरून जुने कपडे आले आणि शाळांच्या व्हरांड्यात भिजत पडले. पहिल्या तीन दिवसांत चूल पेटत नाही. तेव्हा चिवडा, बिस्किटं, प्यायचं पाणी, मेणबत्ती-काडेपेटी, चादर आणि सॅनिटरी पॅड लागतात. तांदूळ-डाळ द्यायची ती पाणी ओसरल्यावर, भांड्यांसकट. तिसऱ्या आठवड्यात गाड्या बंद होतात, आणि नेमकं तेव्हाच घरातला चिखल काढायला माणसं, मुलांना वह्या आणि वाहून गेलेल्या कागदांसाठी ते शनिवारचं टेबल लागतं. लहान मंडळीनं आपले पैसे तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मी कुठल्याही मंडळीला हात जोडून सांगते. धान्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. उपासनेला या म्हणून सांगू नका, घेणाऱ्याकडून प्रार्थनेची अपेक्षाही ठेवू नका. कुणी स्वतःहून ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणालं तर जरूर करा. भुकेल्या माणसापुढं अट ठेवली की ते दान राहत नाही, आणि सगळ्या गल्लीचा विश्वास एका दिवसात जातो. घेणाऱ्याचा फोटोही काढू नका. पोत्यांचा काढा, दुकानाच्या बिलाचा काढा.

हिशोब तीन महिन्यांनी फलकावर लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. कुठून किती आले, कशावर किती गेले, शिल्लक किती. घेणाऱ्यांची नावं मात्र फक्त समितीच्या वहीत, कपाटात कुलूपबंद. कुणी विचारलं तरी ती सांगायची नाहीत, आपल्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

दर मे महिन्यात समितीनं यादी घेऊन घरोघरी फिरावं. कोण वारलं, कोण गावाला गेलं, कुणाचं वेतन सुरू झालं, कुठल्या घरात आता अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. याच फेरीत नाल्याकाठच्या घरांचे फोन नंबर लिहून घ्या, ताडपत्र्या उलगडून फाटल्यात का बघा, आणि रात्री पाणी चढलं तर हॉल कोण उघडणार, किल्ली कुणाकडं असते, हे त्या घरांना पावसाआधी सांगून ठेवा.