उलाढाल काढताना जीएसटी धरायचा का?

मार्च जवळ आला की सोलापूरच्या चाटी गल्लीत, इथल्या बाजारपेठेत, हा प्रश्न ठरलेला: "ताई, गिऱ्हाइकाकडून घेतलेला टॅक्स माझ्या उलाढालीत येतो का?" मी इथल्या टॉवेल-चादरवाल्यांची खाती लिहिते, म्हणून त्यांच्याच हिशेबात सांगते.

येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम २(६) मध्ये एकूण उलाढालीतून सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी (हे जीएसटीचेच प्रकार) आणि सेस वगळलेत. तेव्हा बँकेत काय जमा झालं ते बघू नका. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) सेल्स लेजर, म्हणजे विक्रीचं खातं, उघडा. आउटपुट टॅक्सची, म्हणजे गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या टॅक्सची, लेजरं वेगळी असतात, ती सोडा.

'सगळं धरून २१०' असा टॉवेल विकला असेल, तर २१० चे ५ टक्के काढायचे नाहीत. २१० ला ५ ने गुणून १०५ ने भागा. टॅक्स १०, विक्री २००. साडेदहा रुपये वजा करणारे अजूनही भेटतात!

आता खरी गोम. समजा वर्षाची नुसत्या मालाची विक्री टॅक्ससकट १ कोटी ५५ लाख ४० हजारांची आहे. ५ टक्के टॅक्स काढला की राहतात १ कोटी ४८ लाख. दीड कोटीच्या आत, म्हणजे पुढच्या वर्षी कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक टक्का भरायची सोपी योजना) घेता येईल असं वाटतं. पण बिलात लावलेली पॅकिंग-हमाली वेगळ्या लेजरला टाकलेली असते. ती मालाच्या किमतीतच धरावी लागते. तिचे टॅक्स सोडून २ लाख ३० हजार निघाले, की गेलात दीड कोटीच्या वर. करमाफ मालाची विक्री आणि त्याच पॅनवरचं दुसरं दुकानही यात येतं. विडीवाल्यांनी एक्साइजही धरायची, कारण ती जीएसटीतली नाही.

नोंदणीच नसेल तर टॅक्स घेताच येत नाही, मग वजा कुठून करणार? गल्ल्यात आलेली सगळी विक्री म्हणजे उलाढाल. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा ४० लाखांची. कंपोझिशनवाल्यालाही विक्रीतून टॅक्स वजा करता येत नाही. तो १ टक्का स्वतःच्या खिशातून भरतो, बिलात लावू शकत नाही.

आकडा दीड कोटीत बसला तर कंपोझिशनसाठीचा सीएमपी-०२ फॉर्म ३१ मार्चच्या आत भरा. मात्र हैदराबादला किंवा विजयपूरला माल पाठवत असाल तर एवढी बेरीज करत बसू नका. कंपोझिशनमध्ये परराज्यात विक्री चालत नाही.